पेनींचा डबा मिळालाय, १९१४ डी खरी आहे का?

एडिसनकर:
मंडळी, शेजारच्या आजोबांकडे गराज सेल होता, तिथून कॉफीच्या डब्यात भरलेल्या जुन्या पेनी (अमेरिकेची एक सेंटची नाणी) उचलल्या, अख्खा डबा वीस डॉलरला. बहुतेक मागे गव्हाच्या दोन लोंब्या असलेल्या. त्यात एक १९०९ ची आहे, मागे खाली बारीक व्हीडीबी अशी अक्षरं, एक १९४३ ची करडी, आणि एक १९१४, सालाखाली डी, म्हणजे डेन्व्हरच्या टांकसाळीची खूण. नेटवर बघितलं तर १९१४ डी म्हणे शंभर-दोनशे डॉलरच्या खाली नाहीच, काल झोप नाही लागली. बायको म्हणते चिंचेने घास, चकचकीत होतील. घासू का?

नाणेघाट:
घासू नकोस रे बाबा!! मी हेच केलं होतं. एक इंडियन हेड, म्हणजे लिंकनच्या आधीची पेनी, मस्त चॉकलेटी रंग चढलेली, चिंच-मीठ लावून देवाच्या ताम्हणासारखी लख्ख केली आणि दुकानात घेऊन गेलो, त्याने एकदा बघितली आणि काही न बोलता काउंटरवरून परत सरकवली. तो रंग गेला की गेला.
१९४३ ला फ्रिजवरचं मॅग्नेट लाव. चिकटली तर साधी, युद्धात तांबं वाचवायला त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या पेनी पाडल्या, शंभर कोटींच्या वर. चुकून तांब्यात पडलेल्या मोजक्याच, त्यांना लाखो डॉलर, म्हणून लोक १९४८ चा ८ घासून ३ करतात.
आणि १९०९ च्या सालाखाली एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण, आहे का बघ. असेल तर पार्टी, त्या फक्त ४,८४,००० निघाल्या. काही नसेल तर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीची, पावणेतीन कोटींच्या वर आहेत.

भिंगवाला:
१९१४ डी वर जीव लावू नकोस इतक्यात. १९४४ डी मधल्या पहिल्या ४ ची डावी बाजू घासली की १ उरतो, फार जुना धंदा आहे हा. दोन गोष्टी बघ. ९ आणि १ मध्ये जरा जास्तच मोकळी जागा आहे का, आणि लिंकनचा खांदा खाली जिथे कापलाय तिथे व्हीडीबी आहे का. ती ब्रेनरची, म्हणजे डिझाइन करणाऱ्याची अक्षरं, १९०९ मध्ये बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांतच मागून काढली आणि खांद्यावर आली ती थेट १९१८ मध्ये. १९१४ वर ती असूच शकत नाहीत. नाही दिसली म्हणून खरी असंही नाही हं, झिजून जातात.

एडिसनकर:
१९४३ फटकन चिकटली. १९०९ ला एस नाही. मुलीच्या सायन्स किटमधलं भिंग घेऊन खिडकीशी बसलो, १९१४ च्या खांद्यावर... व्ही आणि डी स्पष्ट, बी अर्धा 😭

भिंगवाला:
झाली मग १९४४.

नाणेघाट:
खरी म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नकोस म्हणजे झालं. १९०९ ची नीट ठेव, डबा तिच्यातच वसूल होईल बहुतेक. पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घाल, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नको, हिरवी पडते. आणि चिंच आमटीला वापरा.