शेतासाठी एका हातानं उघडणारा घडीचा चाकू: फ्लिपर की खुंटीवाला?

ऊस_आणि_ठिबक
ठिबकची नळी, सुतळी, खताची पोती कापायला चाकू हवाय. डावा हात नळीत गुंतलेला असतो, त्यामुळं एका हातानं उघडला-मिटला पाहिजे. पातं ३ इंच पुरे. दुकानात फ्रेम लॉकचा फ्लिपर (पात्याच्या बुडाचं शेपूट बोटानं दाबून उघडणारा) पाहिला. कधी खाडकन उघडतो, कधी हलतच नाही. चाकू खराब म्हणायचा का?

पिव्हट_टी८
चाकू नव्हे, पकड. साध्या फ्लिपरला उघडणारी स्प्रिंग नसते. उघडं पातं अडवून धरणाऱ्या लॉकच्या पत्तीवर बारीक गोळी असते, ती पात्याच्या बुडातल्या खळग्यात बसून पातं मिटलेलं धरते. मागच्या शेपटावर तर्जनीनं जोर दिला की गोळी सुटते आणि बोटातला साठलेला जोर पातं पार नेतो. फ्रेम लॉकमध्ये ही पत्ती म्हणजे मुठीचीच एक बाजू. उरलेली बोटं तिच्यावर आवळली की गोळी खळग्यात आणखी रुतते, मग कितीही दाबा. बोटं खिशात अडकवायच्या क्लिपवर किंवा कडेला ठेवून पुन्हा बघा. लायनर लॉकची पत्ती मुठीच्या आत असते, तिथं ही भानगड कमी.

गगनबावडा_पाऊस
तरी शेतात फ्लिपर नको. बरेच फ्लिपर बेअरिंगवर फिरतात. चिखल नि उसाचा रस आत गेला की करकर सुरू. पितळी वॉशर आणि पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी असलेला लायनर लॉक घ्या. खुंटी सरळ वर ढकलू नका, अंगठा कमानीत बाहेरच्या बाजूला फिरवा. मिटताना अंगठ्यानं पत्ती बाजूला सारा, तर्जनीनं पातं थोडं खाली घ्या, आणि *अंगठा काढून मगच* पुढं मिटा. घाई केली की अंगठाच कापतो.

असिस्टेडचा विचार सोडा. त्यातली स्प्रिंग तुम्ही पातं थोडं हलवल्यावर उरलेलं काम करते, पण घाण जमण्याची नि तुटण्याची आणखी एक जागा वाढते.

ऊस_आणि_ठिबक
आणि ओपिनेल, तो फ्रेंच घडीचा चाकू? लाकडी मूठ, हलका, आवडलाय.

पिव्हट_टी८
चाकू झकास, पण नखाच्या खाचेचा, वर कडं फिरवून लॉक करायचं. म्हणजे दोन हात आलेच. शिवाय आपल्याकडं जुलैत लाकूड फुगून पातं आवळतं. तेव्हा मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक लाकडावर ठोका, पातं जरा वर येतं. मग सावलीत वाळवून जवसाचं तेल चोळा. घरी फळं कापायला घ्या, शेतात नको.

गगनबावडा_पाऊस
देखभाल: रस लागला की कोमट पाणी नि साबण, पूर्ण कोरडा, पिव्हटला (पातं फिरतं त्या खिळीला) शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, डिसेंबरच्या सकाळी आतच थिजतं. पिव्हट स्क्रू सैल होत असेल तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) सुईच्या टोकाएवढं, फक्त आट्यांवर. वॉशरवर सांडलं तर पातंच चिकटेल.

दुकानात एक बघा: पातं उघडल्यावर लॉकची पत्ती बुडाच्या पार पलीकडच्या कडेला पोचली असेल तर तो नग परत द्या. झीज व्हायला जागाच उरली नाही.