युक्रेनमध्ये युद्धरेषेजवळच्या गावांत मदतीला जायचंय, धुळ्याहून कसं जमेल?

शिरपूरकर_ब्रदर

नमस्कार मंडळी. मी शिरपूरचा, सध्या धुळ्यात एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला ब्रदर आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, वय २७, लग्न नाही. रात्रपाळीला मोबाइलवर खारकीव, खेरसोनकडचे व्हिडिओ बघत बसतो. म्हातारी माणसं तळघरात राहतात, बाहेर बर्फ, गावात डॉक्टर नाही, मेडिकल नाही. काही महिने तिथे जाऊन काम करावं असं डोक्यात बसलंय. पगार नको, फक्त राहण्या-खाण्याची सोय व्हावी. लढाईशी मला काही घेणंदेणं नाही.

आमचं गणपती मंडळ ब्लँकेटं आणि औषधं जमवायला तयार आहे. ती कुठून आणि कशी पाठवायची? आणि टेलिग्रामवर एक जण भेटलाय. म्हणतो दीड लाख भर, मॉस्कोमार्गे 'हॉस्पिटल हेल्पर' म्हणून पाठवतो, कागदपत्रं सगळी मी करतो. याचा कुणाला अनुभव?

घरी अजून बोललो नाही. आई ऐकणार नाही हे माहीत आहे.

उधना_पाचोरा

भाऊ, तुना इचार चांगला शे, पन तो टेलिग्रामवाला आत्ताच्या आत्ता ब्लॉक कर. बाकीचं नंतर वाच.

मी सुरतला उधन्यात राहतो, गाव पाचोऱ्याकडचं. सुरतचाच २३ वर्षांचा एक पोरगा असाच हेल्परच्या नोकरीवर रशियाला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या रेषेवर मारला गेला. सगळ्या पेपरात आलं होतं, आमच्या कारखान्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढच्याच महिन्यात सीबीआयने ठिकठिकाणी छापे घातले. तिथे उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतात, रशियन भाषेतल्या कागदावर सही घेतात आणि थोडं ट्रेनिंग देऊन पुढे पाठवतात. हॉस्पिटल वगैरे काही नसतं. चॅटचे स्क्रीनशॉट ठेव आणि सायबर पोलिसांना दे.

अमळनेरचा_डॉक्टर

वर उधनावाल्यांनी जे सांगितलं ते आधी करा. मग हे वाचा, लांब आहे.

मी एमबीबीएस खारकीवला केलं. माझं शिक्षण संपून मी परत आलो होतो, पण २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध लागलं तेव्हा माझे ज्युनिअर तिथल्या मेट्रो स्टेशनांत झोपत होते. १ मार्चला कर्नाटकचा एक विद्यार्थी दुकानाच्या रांगेत उभा असताना गेला, दुसऱ्या दिवशी बरीच पोरं शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत पायी चालत निघाली. ऑपरेशन गंगातून, म्हणजे सरकारच्या सुटका मोहिमेतून, ती घरी आली. माझी घरमालकीण खारकीवच्या सालतिव्का भागात राहिली ती राहिलीच. तिला फोन लावला की ती माझ्या एफएमजीईच्या, म्हणजे परदेशी डिग्रीवाल्यांच्या इथल्या परीक्षेच्या, निकालाची चौकशी करायची, वर स्फोट ऐकू यायचे.

खारकीव भागातलं इझ्यूम आणि आजूबाजूची गावं सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या हाती परत आली. त्या हिवाळ्यात वर्गमित्राने बोलावलं म्हणून मी गेलो. विमानं बंदच आहेत, पोलंडमधून रेल्वेने आत जावं लागतं, म्हणजे युक्रेनचा व्हिसा आणि शेंगेनचा (पोलंडसकट युरोपातल्या देशांचा एकत्र) मल्टिपल एंट्री असे दोन्ही लागतात. भारतीय दूतावासाने तर ऑक्टोबर २०२२ मध्येच सगळ्या भारतीयांना देश सोडायला सांगितलं होतं. त्यामुळे मागे कोणी उभं नाही हे धरूनच गेलो. नेहमीचा प्रवासविमा युद्धातली इजा धरत नाही, पॉलिसी नीट वाचा.

मित्राची टोळी म्हणजे एक शाळामास्तर, एक टायरच्या दुकानाचा मालक, दोन नर्स आणि एक जुनी स्प्रिंटर गाडी. रात्री माल भरायचा, पहाटे अंधारात निघायचं. प्रत्येक नाक्यावर कागद. गावात पोचलो की गावप्रमुखाने केलेली यादी घ्यायची आणि घरोघर जायचं. एका ठिकाणी सगळ्यांना बोलावून वाटप, मागे बॅनर, पुढे फोटो हे आपल्याकडचं तंत्र तिथे माणसं मारतं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोनेत्स्क भागातल्या यारोवा गावात पेन्शन घ्यायला जमलेल्या लोकांवर बॉम्ब पडला, वीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. आम्ही गाडी झाडाखाली लावायचो, फाटकाशी खोकं ठेवायचं, दोन शब्द बोलायचे, पुढचं घर.

खोक्यात कुट्टूचे दाणे, सूर्यफुलाचं तेल, डबाबंद मांस, साखर, चहा. पण लोक मागायचे ते वेगळंच. मोठ्यांचे डायपर सगळ्यात जास्त. बीपीच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन. मांजरांचं खाणं. खिडक्यांना ठोकायला प्लायवूडचे तक्ते आणि प्लास्टिकचा कागद, कारण काच एकही शिल्लक नाही आणि बाहेर उणे दहा-पंधरा. आणि जळण. घरापासून शंभर पावलांवर जंगल आहे, पण त्यात सुरुंग पेरलेत, पानाच्या आकाराचे छोटे हिरवे सुरुंग, गवतात दिसतच नाहीत. म्हणून जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला आम्ही शहरातून लाकडं नेऊन द्यायचो. हे मला तिथे जाईपर्यंत सुचलं नसतं.

लोक निघत का नाहीत, हा प्रश्न इथून फार सोपा वाटतो. किमान पेन्शन तेव्हा दोन-अडीच हजार रिव्नियाच्या (तिथलं चलन) घरात. घर सोडून गेलेल्या मोठ्या माणसाला सरकार तेव्हा महिन्याला २,००० रिव्निया द्यायचं. त्यात शहरात खोलीचं भाडंही निघायचं नाही. इथे गाय आहे, तळघरात वर्षभराचे बटाटे आहेत, नवऱ्याचं थडगं आहे. जमीन आपल्या तापीकाठासारखी काळीभोर. एक आजी मला म्हणाली, आधी पेरणी होऊ दे, मग बघू. बाहेर काढायचं काम वेगळ्या मंडळींचं असतं, पोलिसांची 'पांढरे देवदूत' नावाची पथकं आणि काही कसलेले स्वयंसेवक. त्यांचंही काही सांगता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पूर्वेकडच्या सोलेदारला एका वृद्ध बाईला आणायला गेलेले दोन परदेशी स्वयंसेवक परतले नाहीत.

आता ब्रदर, तुमच्याबद्दल. तुमचं जीएनएम रजिस्ट्रेशन तिथे चालत नाही. स्थानिक परवान्याशिवाय सलाइन लावणं सोडा, इंजेक्शनही देता येत नाही. मी डॉक्टर असून बीपी मोजणं, पायाच्या जखमा धुणं आणि खोकी उचलणं एवढंच केलं. माझा खरा उपयोग झाला तो भाषेचा. वॉर्डात पेशंटशी बोलून रशियन आली होती, खारकीवकडची म्हातारी माणसं तीच बोलतात. ज्याला भाषा येत नाही त्याच्यामागे एक स्थानिक माणूस गुंतून पडतो. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते चिनी शिकले, तिथेच राहिले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचं नाव घेऊन तीन महिन्यांचा व्हिसा काढणारे मला बरेच भेटतात, म्हणून सांगितलं.

शिवाय मी होतो तेव्हा धास्ती तोफांची आणि सुरुंगांची होती. आता ड्रोन आहेत. खेरसोनमध्ये नदीपलीकडून सोडलेले ड्रोन सायकलवाले, बस, अॅम्ब्युलन्स यांच्या मागे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. रस्त्यांवर जाळ्या बांधल्यात. फायबरच्या तारेवर चालणारे ड्रोन आले तेव्हापासून रेडिओ सिग्नल अडवणारे जॅमर लावूनही उपयोग होत नाही. नवख्या माणसाने तिकडे जाऊ नये. हे मत आहे, पण तिथे राबणाऱ्या सगळ्यांचं हेच मत आहे.

ब्लँकेटं पाठवू नका. पोलंडच्या मेदिका नाक्यावर मी जगभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजताना पाहिलेत. औषधांचं तर नावच नको. तिथे माल घेणारी नोंदणीकृत संस्था लागते, प्रत्येक औषधाची मुदत आणि यादी लागते, आणि न्हावाशेव्याहून निघालेलं खोकं आफ्रिकेला वळसा घालून जाणार असेल तर भाड्याच्या पैशात तिथल्या दुकानातून दुप्पट माल येईल. दुकानं उघडली तिथे तर आम्ही खोकी देणंच थांबवलं. फुकटचं तेल वाटत राहिलं की गावातली एकुलत्या दुकानवाल्या बाईचा धंदा बसतो. मोठ्या संस्था म्हणूनच रोख देतात. २०२२ मध्ये माणशी महिना २,२२० रिव्निया मिळायचे, लोक त्यातून हवं ते घ्यायचे.

कमी पडतो तो डिझेलचा, टायरचा आणि गाडीच्या दुरुस्तीचा पैसा. त्यासाठी देणगी कोणी देत नाही, कारण टायरचा फोटो चांगला येत नाही. मी परत आल्यापासून तेवढंच करतो, त्या स्प्रिंटरच्या टायरचे पैसे पाठवतो.

नर्मदाकाठ_धडगाव

डॉक्टरसाहेब, सगळं बरोबर. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या धडगाव-अक्कलकुव्यात नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना आजही बोटीतून अॅम्ब्युलन्स जाते. पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरवतात. धुळ्याच्या ब्रदरला हे तीन-चार तासांवर आहे, युक्रेन कशाला?

अमळनेरचा_डॉक्टर

राग कसला. पण त्याने युक्रेनचं विचारलंय, त्याला 'आधी आपलं घर बघ' म्हणून गप्प करणं मला पटत नाही. माणसाला एखाद्या ठिकाणची कळ लागते, ती अंतर मोजून लागत नाही.

तुमचा मुद्दा मात्र दुसऱ्या अंगाने त्याच्या कामाचा आहे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचं ऑफिस दिल्लीला आहे. ते नर्स, फार्मासिस्ट, स्टोअर सांभाळणारे असे लोक भारतातून घेतात. पगार देतात, विमा काढतात, परत आणायची जबाबदारी घेतात. २०२२ मध्ये त्यांनी युक्रेनच्या रेल्वेबरोबर दवाखान्याची गाडी चालवली, पूर्वेकडचे पेशंट पश्चिमेच्या लव्हिवकडे आणले. पण निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव, चांगलं इंग्रजी, फ्रेंच किंवा अरबी आलं तर उत्तम, आणि कुठे पाठवायचं ते ते ठरवतात. सुदान म्हणतील, तुम्ही खारकीव म्हणून अडून बसू शकत नाही. अपुऱ्या साधनांत काम केलेला माणूस त्यांना हवा असतो. धुळ्याच्या एसी आयसीयूपेक्षा धडगावचं ग्रामीण रुग्णालय त्या अर्जात जास्त वजनाचं. ब्रदर, ऐकताय ना?

नाना_पारोळा

मी निवृत्त सुभेदार. राजौरी-पूंछमध्ये बराच काळ काढला. तिथे गोळाबारी सुरू झाली की लोकांना कशाची गरज पडते ते सांगतो. पहिली बंकरची. केंद्राने जम्मू भागातल्या सीमेवरच्या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर केले होते, त्यात घरचे वेगळे आणि गावकीचे वेगळे. दुसरी जनावरांची. माणूस बंकरमध्ये जातो, म्हैस खुंट्याला. म्हैस सोडायला जो बाहेर येतो तोच जखमी होतो. कुणी चारा आणि जनावरं हलवायला ट्रॅक्टर दिला तर ती खरी मदत, पण हे बाहेरच्याच्या डोक्यात येत नाही. तिसरी म्हणजे रात्रीची गाडी. दिवे बंद ठेवून डोंगरी रस्त्याने जखमीला खाली आणणारा ड्रायव्हर गावातलाच असतो, त्याला प्रत्येक वळण पाठ असतं. मे २०२५ मध्ये पूंछ शहरावर गोळे पडले तेव्हाही जखमींना आधी शेजाऱ्यांनीच उचललं.

बाहेरून उत्साहाने आलेल्या पोरांना आम्ही नाक्यावरूनच परत पाठवायचो. वाईट वाटायचं, पण एक पाहुणा म्हणजे आणखी एक जीव आमच्या अंगावर. पोरा, आईला सांग. आईला न सांगता निघालेला माणूस तिकडे धड झोपत नाही, मी पाहिलंय.

शिरपूरकर_ब्रदर

सगळ्यांचे आभार. टेलिग्रामवाल्याचे स्क्रीनशॉट आज सायबरला दिले. तो अजून दुसऱ्या नंबरवरून मेसेज करतोय, आता म्हणतो एक लाखात करून देतो.

आईशी बोललो. दिल्लीच्या संस्थेचं ऐकून ती म्हणाली, पगार देत असतील तर मग नोकरीच झाली की, त्यात रडायचं काय. इंग्रजीचा क्लास लावतोय. धडगावचं बघतो, कंत्राटी जागा निघतात का ते नर्मदाकाठदादांनी कळवावं.

मंडळाच्या पोरांना ब्लँकेटं नको हे पटायला वेळ लागला, ऑर्डर देण्याच्या बेतात होते. पैसे पाठवायचे तर मंडळाच्या खात्यावरून चालतील का? आणि ८०जीची (आयकरात सूट मिळते ती) पावती मिळेल का, एका वर्गणीदाराने विचारलंय.

अमळनेरचा_डॉक्टर

मंडळाच्या खात्यावरून नको. रिझर्व्ह बँकेची बाहेर पैसे पाठवायची जी योजना आहे, एलआरएस, ती फक्त व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. ज्याने त्याने आपापल्या खात्यावरून पाठवायचे. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिची आपल्याला काळजी नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर ८०जी मिळत नाही, वर्गणीदाराला स्पष्ट सांगा.

पॅन लागतो, ए-टू फॉर्म भरावा लागतो, संस्थेचं नाव, पत्ता, खातं आणि स्विफ्ट कोड. गावच्या शाखेत जाऊ नका, तिथला साहेब फॉर्म हातात घेऊन तुमच्याकडेच बघत बसेल. धुळ्यात परकीय चलनाचं काम करणारी शाखा कोणती ते आधी फोन करून विचारा. दर वेळी बँकेचे चार्जेस कापले जातात, म्हणून दर महिन्याला हजार-पाचशे पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने तीन-चार महिन्यांचे साठवून एकदम पाठवावेत. संस्था कोणती ते मला खासगीत विचारा, इथे नाव टाकत नाही. ती छोटी माणसं आहेत, आणि त्यांची गाडी कुठल्या दिवशी कुठे जाते हे कुणाला कळलेलं त्यांना चालत नाही.

शिरपूरकर_ब्रदर

फॉर्ममध्ये कारण काय लिहायचं, गिफ्ट की डोनेशन?

अमळनेरचा_डॉक्टर

डोनेशन. आणि पोरांना सांगा, पाठवल्यावर तिकडून फोटो मागायचे नाहीत. टायरचं बिल येईल.