ब्लॅक मास नागपुरातून बाहेर पाठवायचा की इथेच धातू काढायचे?

बुटीबोरीकर:
निकेल प्लेटिंगच्या कामात आहे, म्हणून विषय मांडतो. लिथियम बॅटऱ्या खोलून दळल्या की जी काळी भुकटी निघते, तिला धंद्यात ब्लॅक मास म्हणतात. देशातली बरीचशी भुकटी परदेशी जाते आणि त्यातलेच धातू आपण महागात विकत घेतो. केंद्राच्या २०२३ च्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत लिथियम, कोबाल्ट, निकेल तिन्ही आहेत, आणि कोबाल्ट तर आपल्याकडे खाणीतून निघतच नाही. भुकटी आम्लात विरघळवून विजेच्या टाकीत धातू काढणारा कारखाना नागपुरातच हवा, असं माझं ठाम मत आहे. व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्र विभाग आहे, वाडीला ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. मॉईल ही मँगनीज काढणारी सरकारी कंपनी तर भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीज डायऑक्साइड विजेनंच तयार करते. विदर्भाला हे काम नवं नाही.

बर्डीचा मेकॅनिक:
भाऊ, टाकीत टाकायला माल कुठून आणणार? मोबाईलच्या बॅटरीत कोबाल्ट असतं, मान्य. पण ई-रिक्षाच्या नव्या लिथियम बॅटऱ्या बहुतेक एलएफपीच्या, म्हणजे लोखंड आणि फॉस्फेट. त्यात ना कोबाल्ट, ना निकेल. पाच-सात वर्षांनी ढीग लागेल तो याच बॅटऱ्यांचा.

रसायनवाली:
माझा विरोध वेगळ्या कारणानं. वीज सोडली की धातू वेगळा होतो, हे इतकं सरळ नाही. निकेलचं प्रमाणित विभव (द्रावणातून धातू विजेनं किती सहज सुटतो याचं माप) उणे ०.२५ व्होल्ट, कोबाल्टचं उणे ०.२८. एवढ्याशा फरकात दोघं मिळूनच कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकाच्या पत्र्यावर, बसतात. लिथियमचं उणे ३.०४, म्हणजे त्याच्या आधी पाणीच फुटतं. शेवटी द्रावकानं वेगळं करण्याचे टप्पे आलेच, आणि त्यांचं सांडपाणीही. नाग नदीची घाण गोसीखुर्द धरणापर्यंत पोचते हे आपण बघतोच आहोत. त्यात निकेलची भर नको.

बुटीबोरीकर:
ताई, साध्या सल्फेटच्या द्रावणात तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण क्लोराइडच्या घट्ट द्रावणात कोबाल्ट ऋणभारित होतं, निकेल धनभारितच राहतं. त्याच फरकावर इलेक्ट्रोडला (द्रावणात वीज सोडणाऱ्या पत्र्याला) लेप देऊन दोन्ही वेगळे काढल्याचं इलिनॉय विद्यापीठाचं काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. लिथियम धातू म्हणून काढायचंच नाही, द्रावणातून ओढून घ्यायचं. आणि मेकॅनिकभाऊ, ते ओढून घ्यायला एलएफपीचाच इलेक्ट्रोड चालतो.
विजेचं म्हणाल तर निकेलला किलोमागे साधारण ३ ते ४ युनिट लागतात. खरी अडचण द्रावण पातळ झालं की येते. पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे धरतात, थर खड्ड्याखड्ड्यांचा येतो आणि वीज वाया जाते. ते मी रोज बघतो. म्हणून शेवटचा अंश विजेनं न काढता रेझिनवर, म्हणजे धातू धरून ठेवणाऱ्या मण्यांवर, धरावा. सांडपाण्यातलं निकेलही तिथंच अडकेल.

रसायनवाली:
प्रयोगशाळेतलं काम आणि रोज टनभर भुकटी घेणारा कारखाना यात फार अंतर आहे. भुकटीत तांबं, ॲल्युमिनियम, फ्लोराइड सगळं मिसळलेलं येतं. त्या लेपाचा इलेक्ट्रोड अशा द्रावणात किती महिने टिकतो, ते आधी दाखवा. मग जागेचं बोलू.

वाडीवाला:
तुम्ही दोघंही टाकीपासून सुरुवात करता. आमच्याकडं गोदामात फुगलेल्या बॅटऱ्या पोत्यात भरून येतात, टोकांवर चिकटपट्टीसुद्धा नसते. एक दाबली गेली की धूर, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड. पोरं हातमोज्यांशिवाय काम करतात. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली, पण आमच्या गल्लीत अजून कोणी न्यायला आलेलं नाही. कारखान्याला विरोध नाही माझा. मात्र पहिला पैसा बॅटऱ्या डिस्चार्ज करण्याच्या सोयीवर आणि या पोरांच्या मजुरीवर लागला पाहिजे.

बर्डीचा मेकॅनिक:
वाडीवाल्यांशी सहमत. दुकानात जुनी बॅटरी देणाऱ्याला मी काही पैसे देऊ शकलो, तर लोक ती कचरागाडीत टाकणार नाहीत. बुटीबोरीकर, तुमचा कारखाना मला किलोमागे काय भाव देईल? एलएफपीलाही देईल का?