तुटलेली भावकी शोधून गावी जायचंय, सुरुवात कुठून करू?

लालबागची_लेक: आजोबा गिरणीत लागले आणि राजापूर तालुक्यातून मुंबईत आले. तीस वर्षांत गावाशी येणंजाणं नाही. गावाचं नाव माहीत आहे, वाडी नाही. चुलत आजोबांची मुलं तिथेच आहेत म्हणतात. म्हाताऱ्या बाबांना आणि मुलांना घेऊन जायचंय. माणसं शोधू कशी, जाऊ कधी, नेऊ काय?

उतारेवाला: ताई, आधी वाडी काढा. एकाच आडनावाची घरं दोन-तीन वाड्यांत असतात. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनावाने ७/१२ शोधा, पाहायला पैसे लागत नाहीत. पणजोबांचं नाव सापडलं की उताऱ्यावरचे बाकीचे सहहिस्सेदार लिहून घ्या. फक्त उताऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळांचीही, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचीही, नावं असतात, ती भावकीत धरू नका. मग फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, तिचा क्रमांक बघा. वारसाच्या फेरफारात कोण वारलं, मागे कोण, हे सगळं येतं, कधी कधी लेकींची सासरची आडनावंही. आडनावाने काहीच मिळालं नाही तर पहिल्या नावाने शोधा. मुंबईत गावावरून 'कर' लावलं आणि दप्तरी मूळ आडनावच राहिलं, असं पुष्कळ घरांत झालंय.

सहाणेवरचा: उतारे घरीच बघा आणि घरीच ठेवा. तीस वर्षांनी मुंबईकर दारात उभा राहिला की पहिली शंका येते ती हिश्श्याची. पहिल्या भेटीत जमीन, घराची वाटणी, सह्या, यातलं काही काढू नका, आणि मोबाईलवर घराचे, कुंपणाचे फोटो काढत फिरू नका. बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं, त्यांच्याकडून भावकीतल्या वडीलधाऱ्याचा नंबर मिळतो. फोन तुम्ही नाही, बाबांनी करायचा. 'मी अमक्याचा मुलगा, देवाला नारळ ठेवायला येतोय' एवढं पुरे. त्याच फोनवर सुतक किंवा सोयर आहे का तेही विचारा. भावकीत कोणी गेलं असेल तर तुम्हालाही ते लागू, देवळात गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालता येणार नाही आणि जाणं फुकट.

वेळ शिमग्याची धरा. गणपतीत प्रत्येक घर पाहुण्यांनी भरलेलं, बोलायला कोणाला सवड नसते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या ठरलेल्या जागी, असते, तिथे सगळी भावकी एकत्र भेटते. मग पालखी घरोघर फिरते. आपल्या वाडीत ती कोणत्या दिवशी, हे मानकऱ्यांकडून पक्कं करूनच तिकीट काढा.

तुतारी_प्रवासी: तिकीट ६० दिवस आधी खुलतं. शिमग्याचं पहिल्या दिवशीच काढा. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तारीख शनिवारची. इथे हमखास घोळ होतो आणि माणसं गाडी गेल्यावर फलाटावर येतात. बाबांसाठी खालचा बर्थ मागा. राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून लांब आहे, रिक्षेच्या भरवशावर उतरू नका, गावातूनच गाडी सांगून ठेवा. एसटीने जाणार असाल तर वस्तीची गाडी विचारा. ती रात्री गावात मुक्कामाला जाते आणि सकाळी परत निघते.

लालबागची_लेक: मुक्काम त्यांच्याकडेच करावा का? आणि नेण्याचं राहिलं.

सहाणेवरचा: पहिली रात्र राजापुरात लॉजवर काढा. बाबांना कमोड लागत असेल तर हे आधीच ठरवा. त्यांनी आग्रह केला तर दुसऱ्या रात्री राहा. देवासाठी दोन नारळ, अगरबत्ती, आणि घरातल्या सर्वांत थोरल्या बाईसाठी ओटीचं सामान: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. विधवा असतील तर ओटीऐवजी साडी द्या, मान तेवढाच ठेवा. दर घरामागे पाव किलो चहा नि बिस्किटं, सगळीकडे सारखंच. एका घरी जास्त आणि दुसऱ्या घरी कमी गेलं तर संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. मासे-मटण नेऊ नका, कोणाचा सोमवार असतो, कोणाचा गुरुवार.

आजोबांचा जुना फोटो मात्र न्या, मागे नाव लिहून. पडवीत बसल्यावर तो आधी थोरल्यांच्या हातात द्या. नाती तेच लावून देतील.