‘बघू’ म्हणजे होकार नव्हे
सिझेरियननंतर नॉर्मलसाठी डॉक्टर ‘बघू’ म्हणाल्या, तर तो होकार समजू नका. आधी मागच्या ऑपरेशनच्या नोट्स मिळवा. डिस्चार्ज कार्डावर छेदाचा प्रकार बऱ्याचदा नसतो, आणि पोटावरचा टाका आडवा असला तरी गर्भाशयावरचा उभा असू शकतो. गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद एकदाच झाला असेल, तर नॉर्मलच्या प्रयत्नात तो उकलण्याचा धोका साधारण 200 मध्ये 1.

मग थेट विचारा: गेल्या वर्षी अशा किती जणींनी प्रयत्न केला, किती जणींचं जमलं? 40 आठवडे उलटले तर थांबणार की सिझेरियनची तारीख देणार? कळा आणायला मिसोप्रोस्टॉल हे औषध देऊ म्हणाल्या तर सरळ दुसरीकडे जा. त्याने टाका उकलण्याचा धोका वाढतो. रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं का? सुईण कितीही अनुभवी असो, ही सोय नसेल तर तिथे नको.