मदत हवी आहे: गारंबीचं बी रुजवायचंय

मंडळी, गुहागरकडच्या देवराईत खाली पडलेली गारंबी या रानवेलाची शेंग मिळाली. हातभर लांब, बिया चपट्या, चॉकलेटी आणि दगडासारख्या टणक. आमची आजी सुजेवर हेच बी उगाळून लावायची. आता वेलच क्वचित दिसतो.

कवचातून पाणी आत शिरत नाही, म्हणून कड कानशीने घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवायची हे माहीत आहे. पण बीच्या डोळ्यापासून (जिथून कोंब फुटतो) किती लांब घासायचं? आतला गर दिसेपर्यंत, की थोडं आधीच थांबायचं? पिशवीत जांभ्याच्या मातीला वाळू किती?

वेल अवाढव्य होतो, त्यामुळे कलमी झाडांवर चढवणार नाही. बांधावरचं ऐनाचं झाड चालेल का? ज्यांनी स्वतः रुजवलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको.