सायलेंट हंटर ३ : हिंदी महासागरात तेलाचं जहाज टाकायचंय, गेम आपटतोय

खोलपाणी :
मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या या गेमसाठी मदत हवीये. बोर्दोहून १२व्या फ्लोटिलातली (पाणबुड्यांच्या ताफ्यातली) नऊ-डी-२ ही लांब पल्ल्याची पाणबुडी घेऊन निघतो, केप ऑफ गुड होपला वळसा घालून मादागास्करच्या खाली येईपर्यंत डिझेलचा काटा बघवत नाही (फुल स्पीडला पळवतो, मान्य आहे, शिव्या नकोत). म्हणून मॉरिशसच्या दक्षिणेला एक टँकर टाकला, काल रात्री दीडपर्यंत बसलो आणि लोड होताना पट्टी शेवटाला आली की धाडकन डेस्कटॉप. रेडीमेड मॉड आहे का कुठला, की हातानेच करू?

आप्पा_पेरिस्कोप :
हातानेच कर, रेडीमेड मॉड तुझ्या बाकीच्या मॉडांशी भांडत बसेल. आपटण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा रोस्टर (गेममधली देशवार जहाजांची यादी) असतं. मिशन फाइलमध्ये जहाजाचा जो क्लास लिहिलास तोच, अक्षर न् अक्षर, रोस्टरमधल्या जर्मन फोल्डरच्या सीएफजी फाइलीत पाहिजे. तिथेच क्लासची सुरू-बंद तारीख असते, ती पण बघ, जहाज १९४३ मध्ये उभं केलंस आणि क्लास ४२ लाच संपत असेल तर बोंबला.
आणि नुसतं जहाज शोभेचं असतं रे, तेल नेव्हल बेस देतो. तो बेस लँड लेअरमध्ये (जमिनीवरच्या गोष्टींच्या थरात) जहाजाच्या शेजारी टाकावा लागतो.

खोलपाणी :
आयला, बेस टाकलाच नव्हता 😅 अक्षांश-रेखांश कसे भरायचे? फाइलमध्ये भलेमोठे आकडे आहेत

आप्पा_पेरिस्कोप :
अंश गुणिले १,२०,०००. दक्षिण म्हणजे उणे. २५ दक्षिण असेल तर -३०,००,०००. उणे विसरलास तर टँकर थेट उत्तर गोलार्धात, माझा एकदा वाळवंटात उभा होता.

मांडवीकर :
त्यापेक्षा मुरगावात एरेनफेल्स टाक की! गोव्यात जर्मन जहाजं होतीच, घरच्या घरी तेल 😎

टाइप_चौदा :
@मांडवीकर भाऊ ती मालवाहू जहाजं, युद्ध सुरू झाल्यावर पोर्तुगीज बंदरात आसरा घेऊन बसलेली, पाणबुड्यांना तेल द्यायला नाही. ९ मार्च १९४३ ला कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश पलटणीवाले चढले आणि जर्मनांनी स्वतःच आगी लावून बुडवली.
धागाकर्त्या, खरं जहाज पाहिजे तर शार्लोट श्लिमान हा जर्मन टँकर घे. जून १९४३ मध्ये मॉरिशसच्या दक्षिणेला नऊ-डी-२ वाल्यांना तिनेच तेल दिलं, म्हणजे तुझी जागा एकदम बरोबर. पण १२ फेब्रुवारी १९४४ ला ब्रिटिश रिलेंटलेस विनाशिकेने गाठलं आणि बरोबर महिन्याने, १२ मार्चला, ब्राके हा दुसरा टँकर पण गेला. एक्झिट डेट (जहाज गेममधून जायची तारीख) टाकच, नाहीतर ४५ पर्यंत पेट्रोल पंप चालू राहील आणि मग मजा काय उरली. चौदा टाइपच्या दुधाळ गाई (समुद्रातच तेल पुरवणाऱ्या पाणबुड्या) टाकणार असशील तर त्यांचंही तेच, दहा बांधल्या आणि दहाच्या दहा बुडाल्या. शिवाय त्यांच्याकडे वाटायला टॉर्पेडो जेमतेम चार, गेम मात्र सगळे भरून देतो. मी स्वतःला नियम घातलाय, चारच्या वर मारायचे नाहीत.

आप्पा_पेरिस्कोप :
चारचा नियम कोण पाळतं राव 😂
हां, आणि हे सगळं बंदरात असताना. पॅट्रोलच्या मधे जेएसजीएमईला (मॉड चालू-बंद करायच्या प्रोग्रामला) हात लावलास तर सेव्ह गेलीच समज.

खोलपाणी :
झालं!! क्लासच्या नावात एक अंडरस्कोर जास्त होता. ती सेव्ह मात्र मेली, कारण शेवटची ओळ वाचायच्या आधी मी समुद्रातच मॉड चालू केला होता. परत बोर्दो.